विनाइलवरची कव्हर गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी महिन्यातून एखाद्या रविवारी रेकॉर्डची बैठक बसते. चहा-पोहे होतात आणि मग प्रत्येकी एक तबकडी लावायची. गेल्या काही वर्षांत या बैठकीत कव्हर गाण्यांचंच वेड जास्त आहे, आणि नव्याने येणारी माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. तीच उत्तरं दहादा देऊन कंटाळलो म्हणून इथे लिहून ठेवतोय. बहुतेक गाणी इंग्रजी आहेत, कारण हा प्रकार तिकडेच सर्वात जास्त फोफावला. आपल्याकडचा भागही पुढे आहे.

कव्हर म्हणजे रेकॉर्डचं जॅकेटच ना?

जुन्या बाजारात हाच घोळ होतो. "कव्हर आहेत का?" म्हणून विचारलं, तर एका म्हाताऱ्या विक्रेत्याने तबकड्या नसलेली वीसेक रिकामी जॅकेटं पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "घ्या, फ्रेम करायला नेतात लोक." त्याची काही चूक नव्हती. आपल्याकडे कव्हर म्हणजे पुस्तकाचं, गादीचं नाहीतर रेकॉर्डचं.

इथे कव्हर म्हणजे एकाने आधी गाऊन बाजारात आणलेलं गाणं दुसऱ्याने उघडपणे, मूळ गीतकार-संगीतकाराचं नाव देऊन, नव्याने गाणं किंवा वाजवणं. 'उघडपणे' या शब्दावर माझा भर आहे. तो का, ते लेबलाच्या प्रश्नात येईलच.

मग नाट्यगीतं कुणीही गायली की ती कव्हरच म्हणायची का?

तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल, पण मला ते जड जातं. 'संगीत स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आलं, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा. त्यानंतर 'नाथ हा माझा' किती जणांनी गायलं याची गणती नाही. पण आपल्याकडे पद ही गायकाच्या हाती दिलेली वस्तू असते. प्रत्येकाने त्यात आपली जागा घ्यायची, हे गृहीतच असतं. कव्हर म्हणायला मूळ एका विशिष्ट ध्वनिमुद्रणात रुतलेलं असावं लागतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात 'ते' गाणं म्हणून एकच आवाज असतो आणि दुसरा माणूस येऊन तो हलवतो.

या कसोटीवर मराठीत दोन उदाहरणं मला पक्की वाटतात. एक, 'रणदुंदुभी'तलं 'परवशता पाश दैवे'. ते मास्टर दीनानाथांचं. वडिलांचं ते पद पुढे आशा भोसल्यांनी गायलं. दोन, गीतरामायण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर छप्पन्न गाणी झाली तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गळे होते. सीतेची बरीच पदं माणिक वर्मांच्या आवाजात होती. नंतर एचएमव्हीचा एलपींचा, म्हणजे अनेक गाणी मावणाऱ्या मोठ्या तबकड्यांचा, संच आला तो सगळा सुधीर फडक्यांच्या आवाजात. आज बहुतेकांच्या कानात बाबूजींची सीता आहे, माणिकताईंची नाही. संगीतकाराने स्वतःच्याच चालींवर गाऊन आधीचे आवाज झाकून टाकले. याला कव्हर म्हणा, म्हणू नका, बैठकीत यावर भांडण ठरलेलं.

आणि उचललेली चाल? 'मेहबूबा मेहबूबा'सारखी?

ती वेगळी. डेमिस रूसोसचं गाणं आणि 'शोले'तलं गाणं शेजारी लावलं की जे ऐकू येतं ते येतंच, पण लेबलवर मूळ माणसाचं नाव नाही. नाव नाही तर कव्हर नाही. आरडींवर माझं प्रेम आहे, पण हा नियम त्यांच्यासाठी वाकवत नाही.

लेबलवर नेमकं काय बघायचं?

मला विचाराल तर या सगळ्या नादातली सगळ्यात गमतीची गोष्ट हीच. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात, कंसात, एक-दोन आडनावं असतात. ती गाणाऱ्याची नसतात, गाणं रचणाऱ्याची असतात. मोबाइलवर गाणं ऐकणाऱ्याला ती बहुधा दिसतही नाहीत. रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती मिनिटाला तेहतीस वेळा फिरतात.

तीन गोष्टी सांगतो.

'यूबी४०' या ब्रिटिश रेगे (हा मुळात जमैकातला संगीतप्रकार) बँडने १९८३ मध्ये 'लेबर ऑफ लव्ह' नावाची सगळी कव्हरांचीच एलपी काढली. त्यातलं 'रेड रेड वाइन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पोरांनी ते जमैकन गायक टोनी ट्राइबच्या १९६९ च्या रेकॉर्डवरून उचललं होतं. लेबलवर रचनाकार म्हणून 'एन. डायमंड' छापलेलं. त्यांना वाटलं हा कुणीतरी 'निगस डायमंड' नावाचा जमैकन असणार. तो अमेरिकेतला नील डायमंड निघाला, ज्याने ते गाणं १९६७ मध्ये संथ, रडव्या चालीत गायलं होतं. पुढे नील डायमंड स्वतःच्या कार्यक्रमांत ते यूबी४० च्या रेगे ठेक्यावर गायला लागला. म्हणजे मूळ गायकानेच कव्हरचं कव्हर केलं.

दुसरी गोष्ट ॲनिमल्स या बँडच्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन'ची, १९६४. गाणं पारंपरिक, कुणी रचलं माहीत नाही. अशा वेळी लेबलवर 'पारंपरिक, बांधणी अमुकची' असं लिहितात आणि बांधणीचे पैसे त्या अमुकला मिळतात. या रेकॉर्डवर फक्त ऑर्गनवाल्या ॲलन प्राइसचं नाव आहे. पाच जणांची नावं लेबलावर मावत नव्हती म्हणून एकाचंच टाकलं, असं सांगतात. उरलेल्या चौघांना ते आयुष्यभर लागून राहिलं, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. गाण्याच्या सुरुवातीची ती गिटारची तुटक सुरावट हिल्टन व्हॅलेंटाइनची, जी आज गिटार शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं. त्याचं नाव कागदावर कुठेच नाही.

तिसरी लेड झेपलिन या बँडची. त्यांच्या पहिल्या एलपीवर 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' पारंपरिक म्हणून छापलं होतं. ते ॲन ब्रेडन नावाच्या बाईचं होतं. १९९० नंतरच्या आवृत्त्यांवर तिचं नाव आहे. 'होल लॉटा लव्ह'वरून विली डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, तडजोड झाली आणि त्याचंही नाव नंतर आलं. जुनी आणि नवी तबकडी हातात घेतली की आवाज तोच असतो, कंसातली आडनावं बदललेली असतात. 'उघडपणे' म्हणालो ते यासाठी.

एकच कव्हर ऐकायचं असेल तर कुठलं?

अरिथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट'. पण त्यासाठी रेकॉर्ड दोन लागतील. सवयच लावून घ्या, कव्हर एकटं ऐकायचं नाही.

आधी ओटिस रेडिंगची 'ओटिस ब्लू', १९६५. मेम्फिसमध्ये स्टॅक्सच्या स्टुडिओत बहुतेक सगळी एका दिवसरात्रीत उरकलेली. त्यात 'रिस्पेक्ट' आहे. ओटिसचा नवरा दमूनभागून घरी येतो आणि म्हणतो, मी पैसे आणून देतो, घरी आल्यावर जरा मान दे. गाणं घाईत धावतं, बँड मागून ढकलत असतो. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

मग अरिथाची 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू', १९६७. पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं. तिने शब्द फार बदलले नाहीत, बोलणारं माणूस बदललं. आता मान मागणारी बाई आहे आणि ती विनवत नाही, बजावते. इंग्रजी शब्द एकेक अक्षर फोडून 'आर-ई-एस-पी-ई-सी-टी' असा उच्चारणं हे ओटिसकडे नव्हतंच, ते तिचं. मागे तिच्या सख्ख्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा टोमणे मारल्यासारख्या साथ देतात. आणि मध्येच किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो तो तुकडाही मूळ गाण्यात नाही. तिथले कॉर्ड सॅम अँड डेव्हच्या एका दुसऱ्याच गाण्यातून आणलेत. त्या तुकड्यात गाणं जणू शेजारच्या खोलीत जाऊन परत येतं. पहिल्यांदा दोन्ही पाठोपाठ लावली तेव्हा बैठकीतल्या एका काकू म्हणाल्या, "त्याचं ऐकून वाटलं नवरा आला, हिचं ऐकून वाटलं नवऱ्याचं आता काही खरं नाही."

जून १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात ओटिसनेच हसत सांगितलं की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं. त्याच वर्षी डिसेंबरात तो विमान अपघातात गेला.

'ओटिस ब्लू'वरच आणखी कव्हर आहेत म्हणे?

आहेत, म्हणून तर ती घ्या. सॅम कुकची तीन गाणी आहेत आणि रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' आहे. ते मूळ गाणं त्याच उन्हाळ्यात आलेलं. ओटिसने गिटारची प्रसिद्ध सुरावट ट्रंपेट-सॅक्सोफोनवर घेतली. गंमत अशी की कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात ती सुरावट मुळात पितळी वाद्यांसाठीच होती, गिटारवर नुसता आराखडा म्हणून वाजवली आणि तीच रेकॉर्डवर राहिली. म्हणजे मूळ माणसाला हवं होतं ते कव्हरमध्ये ऐकू येतं. एकाच तबकडीवर एक गाणं दिलेलं, एक घेतलेलं.

बीटल्स तर स्वतःच गाणी लिहीत. त्यांची कव्हर कशाला ऐकायची?

सुरुवातीच्या दोन एलपींवर प्रत्येकी चौदा गाणी आहेत आणि दोन्हींत सहा-सहा दुसऱ्यांची. हँबुर्गच्या क्लबांत रोज रात्री तासन्‌तास वाजवायचं तर स्वतःची गाणी पुरणार कुठून?

'ट्विस्ट अँड शाउट' घ्या. बर्ट बर्न्स आणि फिल मेडली यांचं हे गाणं टॉप नोट्स नावाच्या गटाने १९६१ मध्ये गायलं तेव्हा फिल स्पेक्टरने त्याचा पार विचका केला. बर्न्स चिडला आणि पुढच्या वर्षी आयझली ब्रदर्सना घेऊन त्याने ते स्वतः करून घेतलं. म्हणजे बीटल्सचं हे कव्हर ज्याचं, ते आयझलींचं गाणंसुद्धा पहिलं नव्हतं.

११ फेब्रुवारी १९६३. ॲबी रोडवर बीटल्सनी एका दिवसात दहा गाणी उरकली. हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण हे गायल्यावर लेननचा गळा कामाचा राहणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात त्याला सर्दी. पहिल्या प्रयत्नात जे आलं तेच रेकॉर्डवर आहे. दुसऱ्यांदा करून बघितलं तर आवाजच उरला नव्हता.

घरी करून बघण्यासारखा एक खेळ सांगतो. 'प्लीज प्लीज मी'ची स्टिरिओ आवृत्ती असेल तर अँप्लिफायरवरचं बॅलन्सचं बटण पूर्ण एका बाजूला फिरवा. तेव्हा दोनच पट्ट्यांवर मुद्रण होत असल्यामुळे एका बाजूला जवळजवळ नुसते आवाज आणि दुसऱ्या बाजूला नुसती वाद्यं आहेत. आवाजाची बाजू लावा. लेननचा घसा कागद फाटावा तसा फाटताना ऐकू येतो, मागे पॉल आणि जॉर्ज चढत जातात आणि वाद्यं लांब कुठेतरी गळक्या नळासारखी झिरपतात. ऐकायला मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली आवृत्ती, चांगली, हे खरं. पण हा खेळ मोनोत होत नाही.

जिमी हेंड्रिक्सचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' मूळ बॉब डिलनचं आहे हे खरं का?

खरं. आणि हे न कळता वीस वर्षं ऐकणाऱ्यांत मीही होतो. डिलनची 'जॉन वेस्ली हार्डिंग' १९६७ च्या डिसेंबरअखेर आली. त्यात हे गाणं अडीच मिनिटांचं आहे. गिटार, हार्मोनिका, बेस, ड्रम, बास. गावात कुणी वाईट बातमी हळू आवाजात सांगावी तसं.

महिनाही झाला नव्हता आणि जानेवारी १९६८ मध्ये हेंड्रिक्स लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यावर बसला होता. बारा तारांची अकूस्टिक गिटार डेव्ह मेसनने धरली. बेसवाला नोएल रेडिंग मध्येच वैतागून निघून गेला म्हणून बेसही हेंड्रिक्सनेच वाजवला. नंतर न्यूयॉर्कला नेऊन थरावर थर चढवले. चार मिनिटांत चार वेगळ्या ढंगांत त्याची गिटार बोलते. 'इलेक्ट्रिक लेडीलँड'च्या चौथ्या बाजूवर हे शेवटून दुसरं आहे, तिथपर्यंत दीड तबकडीचा प्रवास करून पोचायचं असतं. थेट त्यावर सुई ठेवलीत तर मी बोलणार नाही, पण निम्मी मजा जाते.

डिलन त्यानंतर कार्यक्रमांत हे गाणं हेंड्रिक्सच्या वळणावर वाजवू लागला.

कव्हर मुळापेक्षा सरस, असं कधी खरंच असतं का?

असतं. जो कॉकरचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स', १९६८. मूळ बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'वर रिंगोने गोड, चालता चालता गायल्यासारखं गायलंय. कॉकरने त्याचा ठेकाच बदलला. चार मात्रांचं गाणं तीनच्या झुल्यावर टाकलं, वेग निम्म्यावर आणला आणि मित्रांची मदत ही थट्टेची गोष्ट न राहता जीवन-मरणाची झाली. ठेका बदलला की अर्थ कसा बदलतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तीच ओळ दादऱ्यात आणि केरव्यात घेऊन बघा. गिटारवर जिमी पेज आहे, लेड झेपलिनच्या आधीचा.

पॅट बून आणि 'तुती फ्रुती'वरून लोक का चिडतात?

कारण कव्हर या धंद्याची ती काळी बाजू आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतली बरीच रेडिओ केंद्रं काळ्या गायकांच्या रेकॉर्ड वाजवत नसत. मग कंपन्या तेच गाणं घाईघाईने गोऱ्या गायकाकडून करून घेत. लिटल रिचर्डचं 'तुती फ्रुती' १९५५ चं, पॅट बूनचं लगेच त्यामागून आलेलं. विक्रीच्या यादीत बून रिचर्डच्या वर चढला. दोन्ही लावा. बूनचं ऐकताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुख्याध्यापकांनी लावणी म्हटल्यासारखं वाटतं.

'हाउंड डॉग'चं प्रकरण इतकं सरळ नाही. बिग मामा थॉर्नटनने ते १९५२ मध्ये मुद्रित केलं, लीबर आणि स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी तिच्यासाठीच लिहिलेलं. तिचं गाणं एका फुकट्या पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं आहे. एल्व्हिसने १९५६ मध्ये गायलं ते फ्रेडी बेलच्या बँडने बदललेल्या शब्दांसह, त्यात खरोखरचा कुत्रा आणि ससा आला. अर्थाचा चक्क खिमा झालाय, पण ड्रमचा तो मारा दर वेळी मला खुर्चीतून उठवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याला काय करणार.

कव्हरचे पैसे कुणाला मिळतात?

रचणाऱ्याला मिळतात. गाणाऱ्याला त्याच्या करारानुसार. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला मानधन मिळतं, गाणाऱ्याला नाही. म्हणजे 'रिस्पेक्ट' रेडिओवर लागलं की पैसे ओटिसच्या वारसांना, अरिथाच्या घरी काही नाही.

सगळ्यात शहाणपणाचा धडा सॉफ्ट सेलचा, म्हणजे शहाणपण नसल्याचा. 'टेंटेड लव्ह' मुळात ग्लोरिया जोन्सने १९६५ मध्ये गायलं, तेही एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर. अमेरिकेत कुणी हुंगलं नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नाचघरांत मात्र ते दैवत झालं. १९८१ मध्ये सॉफ्ट सेलने ते सिंथेसायझरवर केलं आणि जगभर गाजवलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला स्वतःचं एखादं गाणं टाकलं असतं तर प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे रचनेचे पैसे मिळाले असते, कारण दोन्ही बाजूंना तितकाच वाटा असतो. त्यांनी मागेही सुप्रीम्सचं गाणं टाकलं! बारा इंची तबकडीवर तर दोन्ही एकमेकांत विरघळवलीत, जवळजवळ नऊ मिनिटं. ती मात्र अवश्य मिळवा.

याच्या उलट डॉली पार्टन. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे तिचं गाणं १९७४ चं. एल्व्हिसला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. ती रात्रभर रडली आणि नाही म्हणाली. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गायलेलं अमेरिकेत चौदा आठवडे पहिलं राहिलं. हक्क सगळे डॉलीकडे होते.

दुसऱ्याचं गाणं गायला परवानगी लागत नाही?

अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने ठरवून टाकलं की एकदा गाणं मुद्रित होऊन बाजारात आलं की ठरलेला दर भरून कुणीही ते पुन्हा मुद्रित करू शकतो. दर होता प्रतीमागे दोन सेंट. हे झालं ते आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळ्यांमुळे. एकच कंपनी सगळी गाणी विकत घेऊन बसेल अशी भीती होती. कव्हरांचं सगळं साम्राज्य त्या गुंडाळ्यांवर उभं आहे.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात 'व्हर्जन', म्हणजे कव्हर, काढायची सोय होती. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर तिचा जो काही सुकाळ झाला तो ज्यांनी एसटी स्टँडवर कॅसेटी घेतल्यात त्यांना आठवत असेल. वर मोठ्या अक्षरात रफी, आत गाणारा भलताच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ३१-सी हे कलम आलं. आता पाच वर्षं थांबावं लागतं, किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन भरावं लागतं आणि हे कव्हर आहे असं वेष्टनावर छापावं लागतं. पन्नास हजार प्रतींची अट वाचली की मराठी गाण्यांची नवी कव्हर तबकडीवर का येत नाहीत या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. आपल्याकडे हौसेने पाचशे रेकॉर्ड काढणाराने काय करायचं?

भारतात निघालेल्या कव्हर रेकॉर्डमध्ये काय शोधावं?

सगळ्यात आधी आनंद शंकर. उदय शंकरांचा मुलगा, रविशंकरांचा पुतण्या. १९७० च्या त्यांच्या पहिल्या एलपीवर, जी अमेरिकेत रिप्राइजने काढली, स्टोन्सचं 'जंपिंग जॅक फ्लॅश' आणि डोअर्सचं 'लाइट माय फायर' सतारीवर आहे. मीही हसतच ऐकायला बसलो होतो, पण 'जंपिंग जॅक फ्लॅश'मध्ये सतारीची मिंड गिटारच्या जागी अशी बसते की हसू विरतं.

मग वाद्यांवरची फिल्मी गाणी. मास्टर इब्राहिमची सनई नव्हे, क्लॅरिओनेट. व्हॅन शिप्ली यांची इलेक्ट्रिक गिटार. आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स, अकॉर्डियन. लग्नाच्या मांडवात, मध्यंतरात, दिवाळी पहाटेच्याही आधीच्या पहाटेला हेच वाजायचं. या रेकॉर्ड कुणी जपत नाही म्हणून स्वस्त मिळतात आणि म्हणूनच बहुतेक ओरखडलेल्या असतात. शब्द काढून घेतल्यावर चाल किती मजबूत उभी राहते, हे ऐकायला मला हीच कव्हर सर्वात आवडतात.

उषा उथुप, तेव्हाच्या उषा अय्यर, यांनी साठच्या दशकाच्या शेवटी गायलेलं 'जंबालया' सापडलं तर सोडू नका. ते मूळ हँक विल्यम्सचं, १९५२ चं.

आणि एक उलटी गंमत. बीटल्सच्या रेकॉर्ड भारतात ७८ च्या वेगाच्या, लाखेच्या तबकड्यांवरही निघाल्या, कारण इथे तेव्हा घरोघरी चावीचे ग्रामोफोन होते. डमडमच्या कारखान्यातल्या त्या तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक जीव टाकतात. जाड सुई लागते, नेहमीच्या एलपीच्या सुईने वाजवू नका.

स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि आत भलतेच गायक निघाले. असं होतं का?

माझंच झालंय. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या गाण्यांची एलपी, वर हसरी तरुणी, मागे ओळखीची बारा शीर्षकं. विक्रेता म्हणाला ओरिजिनल आहे. घरी येऊन लावली, पहिल्या ओळीलाच चेहरा पडला. गायकाचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते मी दुकानातच बघायला हवं होतं.

ती ब्रिटनची 'टॉप ऑफ द पॉप्स' मालिका. १९६८ पासून पुढे सतराएक वर्षं हॉलमार्क कंपनी ताज्या गाजलेल्या गाण्यांच्या हुबेहूब नकला बिननावाच्या गायकांकडून करून घेई आणि निम्म्याहून कमी किमतीत विके. १९७१ साली तर या मालिकेतली एलपी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढली, मग स्वस्त एलपी यादीतून काढून टाकल्या. नाव होण्याआधी एल्टन जॉननेही अशाच स्वस्त रेकॉर्डवर पोटासाठी गायलंय. माझी एलपी अजून आहे. पाहुण्यांना फसवायला लावतो. अर्ध्याहून अधिक जण फसतात.

'हालेलुया' यादीत का नाही?

ऐकून ऐकून थकलो म्हणून. पण गोष्ट चांगली आहे. लेनर्ड कोहेनची 'व्हेरियस पोझिशन्स' १९८४ मध्ये तयार झाली तर कोलंबिया कंपनीने ती अमेरिकेत काढायलाच नकार दिला. १९९१ मध्ये जॉन केलने कोहेनकडे जास्तीची कडवी मागितली, तर फॅक्सवर पंधरा पानं आली. त्यातून केलने निवडून एक गाणं घडवलं आणि जेफ बकलीने १९९४ मध्ये कव्हर केलं ते कोहेनचं नसून खरं तर केलचं. केलचं ऐका, नुसता पियानो आणि कोरडा आवाज.

पूर्ण कव्हरांच्या एलपी?

'लेबर ऑफ लव्ह' वर आलीच. डेव्हिड बोवीची 'पिन अप्स' आणि ब्रायन फेरीची 'दीज फूलिश थिंग्ज' दोन्ही ऑक्टोबर १९७३ च्या. बोवीची मला उगाच घाईची वाटते, फेरीची दर वर्षी जास्त आवडते. लेननची 'रॉक अँड रोल' १९७५ ची, मुखपृष्ठ गाण्यांपेक्षा सरस.

मूळ आधी ऐकावं की कव्हर?

जे आधी माहीत आहे ते शेवटी लावा. म्हणजे 'रेड रेड वाइन' यूबी४० चं पाठ असेल तर आधी नील डायमंड, मग टोनी ट्राइब, मग ते. 'वॉचटॉवर' हेंड्रिक्सचं पाठ असेल तर आधी डिलन. सवयीचा आवाज शेवटी आला की त्यात आजवर न ऐकलेल्या जागा दिसतात. मध्ये दोन मिनिटं थांबा, तबकडी पुसा, पाणी प्या. आणि मत विचारायची घाई करू नका. आमच्याकडे त्या काकू 'रिस्पेक्ट'वर बोलल्या त्या दुसरा चहा झाल्यावर.